सगळ्याचं तेल होत नाही: फायबर, बेकेलाइट आणि फोमच्या भंगाराबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत तुमचं लहान युनिट आहे आणि महिन्याला दोनेक टन भंगार साचतं. त्यात फायबरच्या (रेझिन म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेसारख्या प्लास्टिकमध्ये काचेचे धागे बसवलेल्या) पॅनेलची कापणी आणि रिजेक्ट माल, शेजारच्या कारखान्यांतून येणारी बेकेलाइटची हँडलं आणि स्विच, आणि सीट-गाद्यांच्या फोमचे तुकडे आहेत. एक मशीनवाला मागे लागलाय, की रिॲक्टर (भंगार बंद भांड्यात भाजणारं यंत्र) बसवा, सगळ्याचं तेल होईल, बॅरल भरा आणि विका. कर्ज काढून तो घ्यावा का, की रासायनिक पद्धतीने यातून रेझिन परत मिळवता येईल, असं तुम्ही विचारताय.

मशीन आत्ता घेऊ नका. पण 'यात काही नाही' असंही मी म्हणणार नाही, कारण तुमच्या दोन टनांतल्या एका भागात खरंच काहीतरी आहे. तो किती, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ते तुमच्या मालावर आहे, आणि ते कसं शोधायचं तेच सविस्तर लिहितो. मी संशोधक नाही. डिप्लोमा करून पहिली नऊ वर्षं फायबरच्या मोल्डिंगमध्ये घालवली, त्यानंतरची चौदा फोमच्या ग्लायकॉलिसिसमध्ये, म्हणजे ग्लायकॉल नावाच्या गरम द्रवात फोम मोडून विरघळवण्यात. त्यामुळे फोमबद्दल जास्त बोलेन, ते चालवून घ्या.

मुळात तुमच्याकडे एक भंगार नाही, तीन आहेत, आणि तिघांना जोडणारी गोष्ट एवढीच की ती वितळत नाहीत. गूळ तापवला की पातळ होतो, थंड झाला की पुन्हा ढेप. बादल्या, कॅरेट, पाण्याच्या बाटल्या या जातीच्या. भाकरी एकदा भाजली की तिचं परत पीठ होत नाही. थर्मोसेट ही भाकरीची जात. त्यात रेणूंच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून जाळं तयार करतात, आणि उष्णतेने ते जाळं सुटत नाही, जळतं. म्हणून रासायनिक पुनर्वापरात पहिला प्रश्न तापमानाचा नसतो. या जाळ्यात सुटणारी गाठ आहे का, आणि असली तर कुठे, हा असतो. फोमच्या पॉलियुरेथेनमध्ये युरेथेनचा बंध गरम ग्लायकॉलने सुटतो. फायबरच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये एस्टरचे बंध सुटतात, पण त्यात मिसळलेल्या स्टायरिन या द्रवाने मारलेल्या कार्बन-कार्बनच्या गाठी तशाच राहतात. बेकेलाइटमध्ये फिनॉलची कडी फिनॉलच्या कडीला थेट कार्बनने जोडलेली असते, तिथे परवडणाऱ्या खर्चात सुटणारं असं काही मला आजवर सापडलेलं नाही.

दुसरा प्रश्न, आणि हा मशीनवाला कधीच विचारत नाही: तुमच्या मालात मुळात रेझिन आहे किती?

याची चाचणी सोपी आहे. मफल फर्नेस, म्हणजे लॅबमधली छोटी बंद भट्टी, ज्या कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या लॅबमध्ये असेल तिथे अर्ध्या दिवसात होते. मालाचा दहा ग्रॅमचा तुकडा चिनीमातीच्या क्रुसिबलमध्ये घाला आणि साडेपाचशे अंशांवर काळेपणा जाईपर्यंत जाळा. सातशेच्या वर जाऊ नका, नाहीतर आतला खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट फुटून त्यातला कार्बन डायऑक्साइड उडेल आणि हिशेब बिघडेल. थंड झाल्यावर वजन करा. जे कमी झालं ते रेझिन. आता उरलेल्या पांढऱ्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं घाला. फेस आला तर तो खडू विरघळतोय. फेस थांबला की गाळा, धुवा, वाळवा, पुन्हा वजन. हातात जी पांढरी, केसांसारखी काडी उरते ती काच.

दाबून बनवलेल्या शीटचा, म्हणजे एसएमसीचा, एक तुकडा मी असा जाळला होता. दहा ग्रॅममधून जाळल्यावर ७.४ ग्रॅम उरले, ॲसिडनंतर २.८. म्हणजे शंभर किलोत २६ किलो रेझिन, ४६ किलो खडू, २८ किलो काच. एसएमसीचं प्रमाण साधारण याच्याच आसपास असतं. आता विचार करा. शंभर किलो माल तुम्ही रिॲक्टरमध्ये घालणार, डिझेल जाळून तापवणार, आणि त्यातला पाऊण भाग खडू आणि काच फुकट गरम होणार. उरलेल्या पाव भागाचंही सगळं तेल होत नाही, काही गॅस होतो, काही कोळसा होऊन काचेला चिकटतो. हातसाच्यावर ब्रश-रोलरने केलेल्या मालात चित्र वेगळं असतं. तिथे खडू बहुधा नसतो किंवा थोडा असतो, काच तिसरा हिस्सा आणि बाकी रेझिन. तुमचा माल कुठल्या प्रकारचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ही चाचणी आधी.

तेलाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्याच्या शेडमध्ये आम्ही शंभर किलोचा रिॲक्टर लावून फायबरची कापणी भाजली. मशीन बनवणाऱ्याने 'टायर चालतात तर हेही चालेल' एवढंच सांगितलं होतं. पहिले दोन तास सगळं छान. मग गेजचा काटा चढायला लागला आणि कंडेन्सरमधून येणारी धार बंद. थोड्याच वेळात गॅस्केट उडालं आणि शेड स्टायरिनच्या वासाने भरली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी पाइप उघडला तर आत पांढऱ्याशुभ्र सुया, कापसासारख्या दाटून भरलेल्या. तो थॅलिक अनहायड्राइड होता. आपल्याकडचा बहुतेक स्वस्त फायबरचा माल ऑर्थो रेझिनचा असतो, आणि ते रेझिन थॅलिक अनहायड्राइडपासूनच बनतं. तापल्यावर ते वाफ होऊन निघतं आणि १३१ अंशांच्या खाली आलं की गोठतं. कंडेन्सरचं पाणी तर तीस अंशांचं! पाइप तुंबणारच होता. आयसो या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये हा अनहायड्राइडचा त्रास नाही, पण भंगारात ऑर्थो कुठलं आणि आयसो कुठलं हे डोळ्यांनी कळत नाही. जे तेल मिळालं ते बॅरलमध्ये महिनाभर ठेवलं तर काकवीसारखं घट्ट झालं, कारण त्यातलं स्टायरिन स्वतःच जोडत गेलं. बर्नरवाल्याने एकदा घेतलं, दुसऱ्यांदा फोन उचलला नाही.

मग फायबरचं रासायनिक काही होतच नाही का? होतं. जपानमध्ये दाबाखालच्या पाण्यात २३० अंशांच्या आसपास पॉलिस्टरचे एस्टर बंध तोडून ग्लायकॉल आणि स्टायरिन-फ्युमॅरिक ॲसिडचा कोपॉलिमर (दोघांची जोडसाखळी) वेगळा काढण्याचं काम झालं आहे. रसायन पक्कं आहे. पण परत मिळतं ते मूळ रेझिन नव्हे, तर वेगळा पदार्थ, आणि त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं. शिवाय तेवढ्या दाबाचं भांडं भोसरीच्या गाळ्यात दोन टनांसाठी बसवणं मला पटत नाही. काच परत मिळाली तरी साडेचारशे-पाचशे अंश पाहिलेली काच निम्मी ताकद गमावून बसते, आणि नवी काच मुळात स्वस्त आहे. स्वस्त वस्तू महागड्या वाटेने परत मिळवण्यात धंदा नाही.

त्यामुळे फायबरसाठी माझा सल्ला अगदी साधा. पहिलं, कापणी कमी करा. साच्याच्या कडा आखूड करून आणि काचेच्या धाग्यांची मॅट नीट कापून आम्ही जेवढं वाचवलं तेवढं कुठल्याही मशीनने वाचवलं नसतं. दुसरं, स्वच्छ कापणी दळून स्वतःच्याच मालात भराव म्हणून घाला, पण जपून. पावडर रेझिन पिते. शंभराला दहाच्या पुढे गेलो की आमचा रोलर जागचा हलायचा नाही. तिसरं, बाकीचा माल सिमेंटच्या भट्टीकडे. तिथे रेझिन इंधन म्हणून जळतं, खडूचा चुना होतो, काचेतली सिलिका आणि ॲल्युमिना क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यात, जाते, मागे राख उरत नाही. काचेत बोरॉन असतं म्हणून भट्टीवाले प्रमाणावर मर्यादा घालतात, ते त्यांचं बरोबर आहे. प्लास्टिक कचरा नियम २०१६ मध्ये थर्मोसेटचा वेगळा उल्लेख आहे, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने एसएमसी आणि फायबरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही भट्टीचा रस्ता आहे. एकट्याचे दोन टन कुणी नेणार नाही. आजूबाजूच्या चार-पाच फायबरवाल्यांनी मिळून गाडी भरावी लागते. रासायनिक पुनर्वापर म्हणायला हे फारसं शोभत नाही, मला कल्पना आहे.

बेकेलाइटचं पटकन सांगतो. बेकलंडने १९०७ मध्ये ते केलं तेव्हा न वितळणं हाच त्याचा गुण होता, आणि तोच आता आपल्या आडवा येतो. तापवलं तर निम्म्याहून जास्त कोळसा होतो, आणि निघणाऱ्या द्रवात फिनॉल असतो. फिनॉल कातडीवर पडला तर भाजतो आणि पाण्यात गेला तर एमपीसीबी, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, दारात. तो कोळसा चांगल्या प्रतीचा सक्रिय कार्बन होऊ शकतो, पण त्यासाठी स्विचमधलं पितळ, लोखंडी स्क्रू आणि बेकेलाइटमध्ये भरलेला लाकडाचा भुसा किंवा खनिज यांचा आधी निकाल लावायला हवा. पितळ काढून विका, तेच सगळ्यात किमती आहे. उरलेलं दळून बेकेलाइट मोल्डरला थोड्या प्रमाणात भराव म्हणून देता आलं तर द्या. मेलामाइनच्या फुटक्या ताटल्या कुणी आणून दिल्या तर त्या तापवू नका. त्यात नायट्रोजन आहे, जळताना अमोनिया आणि सायनाइडची वाफ निघू शकते. दळलेलं मेलामाइन मात्र रंग खरवडणाऱ्या ब्लास्टिंगमध्ये वाळूच्या जागी वापरतात, कारण ते रंग काढतं आणि खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा ओरबाडत नाही.

आता फोम. तुमच्या भंगारात रसायनाने खरंच जमेल अशी ही एकच गोष्ट आहे.

पण त्याआधी एक कडू गोळी. स्वच्छ, एकरंगी, नव्या फोमची कापणी असेल तर ती रिबाँडेड गादीवाले रोख पैशाने नेतात. दळतात, बाइंडर लावतात, दाबतात, झाली गादी. त्यात रसायन घालून त्यांच्यापेक्षा जास्त पैसे मिळवणं अवघड. ग्लायकॉलिसिसचा धंदा उभा राहतो तो गादीवाले नाकारतात त्या मालावर, म्हणजे साच्यातल्या कडक सीटा, रिजेक्ट मोल्डिंग, फ्रिज आणि पफ पॅनेलमधला (दोन पत्र्यांमध्ये भरलेला) कडक फोम. घरगुती जुन्या सोफ्यांचा फोम घेऊ नका. त्यात कापड, डिंक, सुया, झुरळं सगळं येतं, आणि गाळणी दर तासाला तुंबते.

प्रक्रिया अशी. डायइथिलीन ग्लायकॉल, धंद्यात डीईजी, रिॲक्टरमध्ये १९० ते २०० अंशांवर आणायचं, वर नायट्रोजन ठेवायचा, पोटॅशियम ॲसिटेटसारखा उत्प्रेरक शंभराला एक-दीड टाकायचा आणि फोमचे तुकडे हळूहळू सोडायचे. फोम किती हलका असतो हे पहिल्या दिवशी कळतं. तीस किलो घनतेचा फोम दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ठासून न भरता जेमतेम सहा किलो मावतो. म्हणून आधी दाबून, कापून घालायचा. गरम ग्लायकॉलमध्ये पडला की चहात बुडवलेल्या खारीसारखी तो मान टाकतो आणि मिनिटभरात दिसेनासा होतो. हे पाहायला मला अजूनही आवडतं. चौदा वर्षं झाली तरी खिडकीतून डोकावतो.

दोन-तीन तासांनी युरेथेनचे बंध सुटलेले असतात. मऊ फोम असेल, ग्लायकॉल भरपूर असेल, तर रात्रभर ठेवल्यावर दोन थर पडतात. वर फिकट पिवळा, बऱ्यापैकी शुद्ध पॉलिओल, म्हणजे फोम ज्या दोन द्रवांपासून बनतो त्यातला एक. खाली गडद तपकिरी, त्यात उरलेलं ग्लायकॉल, कार्बामेट आणि अमाइन. नवशिके वरचा थर पाहून खूश होतात आणि तो सरळ मऊ फोमवाल्याला विकायला नेतात. तिथेच माल परत येतो.

कारण हायड्रॉक्सिल नंबर, म्हणजे आयसोसायनेटशी (फोमच्या दुसऱ्या द्रवाशी) जुळणारी टोकं किती ते सांगणारा आकडा. मऊ फोमचा नेहमीचा पॉलिओल, तीन हाताचा, रेणुभार तीन हजार, त्याचा नंबर ५६ येतो. डीईजीचा १०५८. वरच्या थरात दहा टक्के डीईजी राहिलं तरी गणित करा: ५६ चा नव्वद टक्के म्हणजे ५० आणि १०५८ चा दहा टक्के म्हणजे १०६, एकूण १५६. जवळजवळ तिप्पट. गिऱ्हाइकाने नेहमीच्या फॉर्म्युल्याने आयसोसायनेट घातलं तर ते कमी पडतं आणि फोम बसतो. वाढवून घातलं तर सीट लाकडासारखी होते. आम्ही वरचा थर ताज्या ग्लायकॉलने धुऊन, मग व्हॅक्यूमखाली उरलेलं ग्लायकॉल काढून नंबर खाली आणायचो. तरीही नव्या पॉलिओलमध्ये शंभराला वीसच्या पुढे मिसळलं की दाबलेली सीट परत उठायला आळस करायची.

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याला मी दुसरी वाट सांगतो. थर वेगळे करायच्या नादी लागू नका. कडक फोमचा पॉलिओल मुळातच चारशे-पाचशे नंबरचा लागतो. तिथे तुमचं जास्तीचं ग्लायकॉल दोष राहत नाही, हिशेबात धरलं जातं. कडक फोमचंच भंगार घ्या, ग्लायकॉल बेताचं घाला, एकच एकजीव द्रव मिळेल. तो पफ पॅनेल किंवा इन्सुलेशनच्या फोममध्ये काही प्रमाणात चालतो. रंग काळपट येईल. पॅनेलच्या पत्र्याआड तो कुणाला दिसत नाही. प्रत्येक बॅचचा हायड्रॉक्सिल नंबर, ॲसिड नंबर, पाण्याचं प्रमाण आणि चिकटपणा लिहून द्या. गिऱ्हाईक एका चांगल्या बॅचने येतं, पण टिकतं ते दहा सारख्या बॅचनी.

आणि अमाइन. हे मी ठळक सांगतो, कारण मशीनवाले बोलत नाहीत. फोम तुटताना थोडं टोल्युइन डायअमाइन किंवा मिथिलीन डायॲनिलिन सुटतं. दोन्ही संशयित कर्करोगकारक, आणि कातडीतूनही शरीरात जातात. उघड्या कढईत हे काम करणारे मी पाहिले आहेत, 'वास तर येत नाही' म्हणतात. बंद रिॲक्टर, वाफेला स्क्रबर (वाफ धुऊन सोडणारं उपकरण), न फाटलेले हातमोजे, आणि मालातलं अमाइन तपासून घेणं यात तडजोड नको. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथे पैसे भरून नमुने तपासून मिळतात. दोन-चार बॅचचा खर्च सोसा. कन्सेंट (कारखाना चालवायची परवानगी) घेताना एमपीसीबीला प्रक्रिया खरी लिहून द्या. 'प्लास्टिक दळणे' असं लिहून आत ग्लायकॉलिसिस करणाऱ्यांना नंतर किती धावाधाव करावी लागते ते मी जवळून पाहिलंय.

परवडेल की नाही हे शेवटी डीईजीचा भाव आणि नव्या पॉलिओलचा भाव यांच्यातल्या अंतरावर आहे. क्रूड पडलं की नवा पॉलिओल स्वस्त होतो आणि आपल्याकडे कुणी बघत नाही. दोन वर्षं अशी काढायची तयारी नसेल तर कर्ज काढू नका.

तुम्ही शेवटी पवनचक्कीच्या पात्यांच्या बातमीबद्दल विचारलं होतं. ती बातमी खरी आहे, पण तुमच्या भंगाराशी तिचा संबंध नाही. त्या पात्यांच्या इपॉक्सीच्या हार्डनरमध्येच मुद्दाम ॲसिडने सुटणारी गाठ ठेवलेली असते. गरम सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये असतं त्याच ॲसिडमध्ये, जाळं सुटतं, रेझिन थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळणाऱ्या गुळाच्या जातीचं, होऊन निघतं आणि धागे शाबूत मिळतात. सीमेन्स गमेसाने अशी पाती २०२१ मध्ये जाहीर केली, आणि त्यातलं रेझिन आदित्य बिर्ला समूहाचं आहे. फ्रान्सचे संशोधक लायब्लर यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेले व्हिट्रिमर हीही त्याच विचारातली गोष्ट: गाठी कायमच्या मारायच्या नाहीत, तापवल्यावर जागा बदलतील अशा मारायच्या. सध्या साध्या इपॉक्सीसाठीही मार्ग निघतायत. डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठाने २०२३ मध्ये रुथेनियमच्या उत्प्रेरकाने जुनं इपॉक्सी तोडून बिस्फिनॉल ए, म्हणजे इपॉक्सीचा एक मूळ कच्चा माल, परत मिळवून दाखवला. पण रुथेनियमचा भाव ऐकलात तर भंगाराचा विषय तिथेच मिटेल. कधी कार्बन फायबरचा स्क्रॅप हाती लागला तर मात्र फेकू नका, वेगळा बांधून ठेवा. तिथे धागाच इतका महाग असतो की रेझिन विरघळवायचा खर्च निघतो.

तर आता करायचं काय? या आठवड्यात तीन पिंपं ठेवा: फायबर, बेकेलाइट, फोम. फोमच्या पिंपात मऊ आणि कडक वेगळं. महिनाभर प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. फायबरच्या तीन वेगळ्या पुरवठादारांचे तुकडे जाळून राख आणि काच मोजून घ्या. आणि त्या मशीनवाल्याला सांगा, की माझ्याच मालाचे पन्नास किलो माझ्यासमोर चालवून दाखव, कंडेन्सर दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उघड, आणि निघालेलं तेल महिनाभर माझ्या बॅरलमध्ये राहू दे. तो तयार झाला तर आकडे इथेच लिहा, मी बघतो. कडक फोम महिन्याला चारशे किलोच्या वर निघाला तरीही लिहा. पन्नास लिटरचा ट्रायल रिॲक्टर कसा बांधायचा ते मग बोलू.